आतोबांची माफीची वही

उज्जैनमध्ये माफी मागण्याची स्पर्धा कुणी भरवलीच, तर पहिलं बक्षीस आमच्या आतोबांना मिळेल आणि ते घेतानाही ते 'सो सॉरी टू ट्रबल यू' म्हणतील. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्या उभ्या नोकरीत त्यांनी कुणाची माफी मागितल्याचं ऐकिवात नाही. घरात चूक झालीच तर ते आत्याला 'आज चहा बरा झालाय' एवढंच म्हणत, आणि तिनं त्यावरून ओळखायचं. चहा फारच छान झालाय म्हणाले की आत्या घाबरून विचारायची, "अहो, काय करून आलात?"

असा माणूस सत्तरीत इंग्रजीतून माफ्या मागत सुटला तो सुनेपायी. निखिलनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, इंग्लंडात रूथ नावाच्या मुलीशी लग्न ठरवलं तेव्हा आतोबांनी "दोघांनीही मला तोंड दाखवू नका" म्हणून फोन आपटला होता. लग्नाला आत्या एकटीच जाऊन आली. तिनं आणलेल्या फोटोत तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. रूथनंच ती आतोबांसाठी ठेवायला लावली होती. त्या फोटोपुढे आतोबा बराच वेळ बसले. पुढे दोघं दिवाळीला येणार असं कळलं, तेव्हा ते फ्रीगंजच्या बाजारातून लाल पुठ्ठ्याची वही घेऊन आले. सुनेची माफी मागायची आणि तीही तिच्याच भाषेत, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

वहीत गुन्ह्याच्या वजनानुसार माफ्या लिहिल्या होत्या. शिंकेसाठी 'एक्सक्यूज मी', उशिरासाठी 'ऑफुली सॉरी'. कुणाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करायची आपली साधी रीत, पण तिथंही त्यांनी 'आय बेग युवर पार्डन' लिहून ठेवलं होतं. शेवटचं पान सुनेसाठी राखलेलं. त्यावर चांगल्या अकरा ओळी होत्या.

सराव मात्र सगळ्या गावावर चालला होता. फ्रीगंजमध्ये रस्ता अडवून उभ्या असलेल्या गाईला ते 'एक्सक्यूज मी, मॅडम' म्हणत आणि ती हलेपर्यंत अदबीनं थांबत. भाजीवालीला 'सॉरी टू बॉदर यू' म्हटल्याशिवाय गिलकीला हात लावत नसत. ती बिचारी न मागता कोथिंबीर घालायची. एकदा एका रिक्षावाल्याचा आरसा त्यांच्या कोपराला घासला. चूक सरळ त्याची. पण आतोबांनी "द फॉल्ट इज एन्टायरली माइन" असं सुरू केलं, तसे त्यानं हातच जोडले, "बाबूजी, गलती मेरी है, पर अंग्रेजी में मत डाँटो!" पुढे त्यांची गट्टी जमली. आतोबांची अकरा ओळींची उजळणी त्याच्याच रिक्षात होऊ लागली. आत्या वैतागायची. "पोहे थंडे होऊन राहिले आणि हे त्या रिक्षात बसून कुणाची माफी मागून राहिले!" मी हसायचो, पण खरं सांगतो, काळजी मलाही होती. रूथनं पाठ फिरवली असती तर आतोबा त्यातून उठले नसते.

ती दोघं आली त्या दिवशी स्टेशनवर रूथ समोर येऊन उभी राहिली, आणि आतोबांच्या तोंडून एवढंच निघालं, "ट्रेन राइट टाइम?"

झालं! अकरा ओळी पार धुऊन गेल्या. आम्ही त्याच रिक्षात बसलो. मी पुढे चालकाशेजारी, मागे आतोबा आणि ती दोघं, मांडीवर बॅगा. रिक्षावाला आरशातून खुणावत होता, "बोलो बाबूजी, अब बोलो." आतोबा खिशातली वही नुसती चाचपत होते. माधव नगरच्या अलीकडे रिक्षा खड्ड्यात आदळली आणि आतोबांचा बूट रूथच्या पायावर पडला.

मला वाटलं, आता तरी 'आय बेग युवर पार्डन' येईल. पण आतोबा वाकले, तिच्या हाताला स्पर्श केला आणि स्वतःचा हात कपाळाला लावला. पाय लागल्यावर आपण सगळेच लावतो तसा. फक्त तो कपाळावरून खाली येईना.

"चुकलं गं माझं, पोरी," ते म्हणाले. "सगळंच चुकलं."

निखिलनं तिला चार-पाच मराठी शब्द शिकवून आणलं होतं. तिनं आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.

"असू दे, बाबा."

रिक्षावाला ढसाढसा रडला. रिक्षा मात्र नीट चालवली.

जाताना रूथनं ती वही मागून घेतली आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा येऊ म्हणाली. आता आतोबा गाईला नुसतं हटकतात आणि चूक झाली की चक्क "चुकलं" म्हणतात. चहाचं कौतुक बंद झालं म्हणून आत्या कुरकुरते. परवा मी त्यांच्याबरोबर बाजारात गेलो, तेव्हा भाजीवालीनं विचारलं, "बाबूजी, आजकल अंग्रेजी नहीं बोलते?"

"काम हो गया, बाई," आतोबा म्हणाले.

पिशवीत त्या दिवशी कोथिंबीर नव्हती. दिवाळीला अजून सात महिने आहेत, असं ते वाटेत दोनदा म्हणाले.