बारा पेपरांत गेलेला लेख

बायको जाऊन वर्ष होईल आता. घरात बोलायला माणूस नाही, म्हणून लिहायला बसलोय. शिकलो दुसरीपर्यंत. पण शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवण्यात तीस वर्षं गेली. हाताखालून शब्द पुष्कळ गेले, डोक्यात किती शिरले ते विचारू नका.

पनवेलला एका साप्ताहिकाच्या छापखान्यात मी खिळे जुळवायला होतो. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. मालक तेच संपादक. दर बुधवारी मुंबईहून जाड पाकीट यायचं. आत भविष्य, आरोग्याच्या सूचना, बायकांसाठी उपदेश. एकदा पाहिलं, आम्ही छापलेलं भविष्य साताऱ्याच्या पेपरातही शब्दाला शब्द तेच.

"मालक, चोरी झाली," मी म्हटलं.

"चोरी नाही रे गाढवा. ह्याला सिंडिकेट म्हणतात. लिहिणारा एकदाच लिहितो, मुंबईचं ऑफिस तेच बारा पेपरांना पुरवतं."

"म्हणजे एका म्हशीचं दूध बारा घरी."

"बरोबर. पाणी कोण घालतो तेवढं सांगता येत नाही."

मालकांनी फरकही समजावला. एजन्सी बातमी देते, ती उद्या शिळी. सिंडिकेट लेख देतं, तो महिनाभर चालतो. 'साभार' म्हणजे दुसऱ्याचं घेतलंय हे कबूल. आणि 'खास आमच्यासाठी' म्हणजे बहुतेक वेळा खोटं.

बायको तेव्हा माझा डबा घेऊन आली होती. उरणकडच्या मिठागरातली पोर, चौथी शिकलेली, माझ्यापेक्षा दोन यत्ता पुढं. तिनं दारातूनच विचारलं, "आन आपल्या हितलं तिकडं जातं का?"

"जातं की, वहिनी. बरं असलं तर कात्रण पाठवतो मी."

"मुंबयच्या मोट्या पेपरात येतं?"

"आलंय दोनदा."

"लिवनारीचं नाव पन?"

"नाव तर आधी!" मालक म्हणाले. मला वाटलं, सहज विचारतेय.

पंधरा दिवसांनी तिनं चार पानं लिहून मालकांच्या हातात दिली. मला आधी दाखवली नाहीत. मालकांनी वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ह्या अंकात घे."

लोकांना वाटतं, खिळे जुळवणारा सगळं वाचत असेल. नाही. तो अक्षर बघतो, काना-मात्रा बघतो. लेखात तिच्या धाकट्या भावाचं होतं, लहानपणी मिठागरात भरतीचं पाणी साठवतात त्या तळ्यात बुडाला तो. ते मला आधीच ठाऊक होतं, म्हणून मी मन घातलं नाही. हात चालले.

शेवटी एक ओळ जास्त झाली. तिच्या नावाची. रकान्यात बसेना. मी ती उचलली आणि खिळे परत आपापल्या खणात टाकले.

आता खरं सांगतो. ओळींच्या मधे शिशाच्या पातळ पट्ट्या असतात. दोन-तीन काढल्या असत्या तर ओळ बसली असती. पाच मिनिटांचं काम. पण मला वाटलं, न्हाव्याच्या दुकानात लोक म्हणतील, बायको लेख लिहिते आणि नवरा खिळे जुळवतो. बायकोला सांगितलं, "मालकांनी काढलं." मालक परगावी होते. आल्यावर त्यांना सांगितलं, "तीच नको म्हणाली." दोघांनीही मानलं.

तिनं फक्त विचारलं, "मुंबयला धाडताना तरी घालतील ना?"

मी म्हटलं, "घालतील."

मालकांनी कात्रण पाठवलं, बिननावाचंच. सिंडिकेटवाल्यांनी त्यावर कुठल्याशा बाईचं नाव डकवलं, गाव बदललं आणि मुलांना पाण्याजवळ नेऊ नये असा उपदेश शेवटी जोडला. आमच्याकडे अदलाबदलीत परगावचे पेपर यायचे, त्यात तो लेख मला तीनदा दिसला. मी ते पेपर घरी नेले नाहीत.

महिन्याभरात सासू आली, वालाच्या शेंगा घेऊन. तिला अक्षर येत नव्हतं. पण त्यांच्या गावात शाळामास्तर मुंबईचा पेपर रोज पारावर मोठ्यानं वाचायचे. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "अगो, मास्तरानं एक वाचलं. आपल्या पोरासारकंच. कोन बाय हाय, तिचा भाव बुडला. तिनं चिंबोरी धराया त्याचा हात सोरला व्हता, आन आयला सांगितलं, मी पानी भराया गेलेली, तवर तो आपसुक पान्यात गेला."

बायको शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

"सगल्या बाया माज्याकडं बघाया लागल्या. मी म्हनलं, बघताव काय? माजी पोर तशी नाय. माज्यापासून काय लपवत नाय ती."

बायकोनं शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाली, "आये, भाकर टाकू का?"

मी उंबऱ्यात होतो. चिंबोरी म्हणजे खेकडा, तो सोडलेला हात, हे सगळं मी स्वतः जुळवलं होतं. कळलं तेव्हा, उंबऱ्यात.

सासूला मोटारस्टँडवर सोडून आलो. बायको म्हणाली, "तोंडानं सांगवत नवतं. वीस वर्सं नाय सांगवलं. म्हटलं, मास्तर माज्या नावानं वाचतील, मंग आय विचारील, आन मी हो म्हनेन. तेवडंच मला जमलं असतं."

"ओळ मी काढली," मी म्हटलं. "मालकांनी नाही."

"बसत नवती?"

"बसली असती."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठून चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं. शिव्या खाल्ल्या, त्या थोड्याच होत्या. त्यांनी मुंबईला पत्र टाकलं, आणि पुढच्या अंकात खुलासा छापला, तिच्या नावानिशी. तो मीच जुळवला, एकेक अक्षर वाचून. मुंबईचं उत्तर आलं नाही. लेख बारा पेपरांत गेला, खुलासा पनवेलच्या वेशीबाहेर गेला नाही. खुलाशाला सिंडिकेट नसतं.

मी म्हटलं, अंक घेऊन मी गावी जातो, मास्तरांना वाचायला सांगतो. तिनं अंक माझ्या हातातून घेतला. "आता नको. आता वाचलं तर आय चार बायांत खोटी परंल. माज्यासाटी बोलली ती."

सासू आणखी अकरा वर्षं जगली. प्रत्येक दिवाळीला कोणापुढं तरी म्हणायची, माजी पोर माज्यापासून काय लपवत नाय. बायको मान खाली घालून हसायची. मी तिथून उठून बाहेर जायचो. तिला मात्र उठता यायचं नाही.