पुंजण्यावरची मीटिंग

माझा कॅन्सर परत आला तो मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, आधीच्या बुधवारी, दुपारी साडेचार वाजता. आणि ही गोष्ट जगात फक्त मला माहीत होती. डॉक्टरांनाही नव्हती.

पहिल्यांदा तो खरोखरचा आला होता. डाव्या बाजूचं ऑपरेशन, मग केमो, मग डोक्यावर नवे कुरळे केस (पहिल्यापेक्षा बरे!). सगळं नागपूरला उरकलं. डॉक्टर म्हणाले, "झालं, आता सहा महिन्यांनी या." पण मधले सहा महिने काय करायचं, ते काही कोणी सांगत नाही. शिंक आली, की वाटायचं, आला! पाय मुरगळला, आला! एकदा तर नुसता कान खाजला म्हणून मी बॅग भरली होती.

हे ऐकून दवाखान्यातल्या समुपदेशक मीनलताईंनी मला एका ऑनलाइन गटात घेतलं. कॅन्सरमधून उठलेल्या आम्ही आठ बायका. बुधवारी आणि रविवारी चार वाजता मोबाईलवर भेटायचं आणि 'परत आला तर?' या भीतीबद्दल मोकळेपणानं बोलायचं.

मोकळेपणानं! आमचं गाव सडक अर्जुनीच्या मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. तेव्हा टॉवर नव्हता. घरात नेटवर्क नाही, अंगणात नाही, देवळाच्या ओट्यावर एक काडी. सापडलं ते आमच्या खळ्यावर, धानाच्या पुंजण्याच्या टोकाला. कापलेलं धान रचून केलेला तो ढीग, घराएवढा उंच. त्याच्यावर बसायचं, स्पीकर पूर्ण मोठा करून मोबाईल हात ताणून डोक्याच्या वर धरायचा, की तीन काड्या येत आणि मीनलताईंचा चेहरा हलायला लागे. त्यांना माझ्याकडून काय दिसायचं? माझा भांग आणि खाली बांधलेले बैल. दुसऱ्या हातानं मी पेंढी गच्च धरून बसे (घसरले असते, तर कॅन्सरची गरजच नव्हती!). आणि खाली शिडी धरून सासूबाई उभ्या.

"कायची मीटिंग हाय वं?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"भीतीची, आई."

"भेव लागते, त इतक्या वर कायले चढतेस?"

मी पुढची पायरी चढले.

खरी अडचण वेगळीच होती. तिथून बोललेलं मीनलताईंना ऐकू जायचं, तर ओरडावं लागे. ओरडलं, की आजूबाजूच्या चार खळ्यांवर ऐकू जाई. त्यामुळे ताईंनी "कसं वाटतंय?" विचारलं, की मी गरजायची, "एकदम मस्त!" गटातल्या बाकीच्या सात जणी रडून मोकळ्या होत. मी मात्र सगळ्यांत धीराची ठरले! ताई माझं उदाहरण देऊ लागल्या.

आणि मग डावा खांदा दुखायला लागला. आधी थोडा, मग बगलेपर्यंत. त्या बुधवारी मीटिंग संपून मी खाली उतरले, तर हात वर होईना. मला कळलं. आला.

मी रडणारी बाई नाही. आवराआवर करणारी आहे. दुसऱ्याच दिवशी कपाट उघडलं. नणंद हिरा मंडईला माहेरी आली होती. तिला मोरपंखी साडीसकट तीन साड्या दिल्या. शेजारणींना एकेक दिली. ज्यांच्याशी दोन वर्षं बोलत नव्हते, त्यांच्या घरी जाऊन चहा प्यायले. आमच्या ह्यांना चुलीपुढे बसवून लाखोरीची डाळ शिकवायला घेतली.

"मीठ किती?" हे.

"अंदाजानं."

"माहा अंदाज कुठून येईन?" मग पळी खाली ठेवून म्हणाले, "तू कुठं जाऊन राहिली का वं?"

"नाही. आणि पुंजणं मोडू नका. माझी मीटिंग आहे."

अख्ख्या गावाचं धान चुरून, म्हणजे मळून, होत आलं, आमचं पुंजणं जसंच्या तसं उभं! मोकळ्या हातानं साड्या वाटणं, शत्रूंकडे चहा, आठवड्यातून दोनदा उंचावर बसून मोबाईलवर गुप्त बैठक. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती आणि सरपंचपद बायकांसाठी राखीव होतं. गावानं याचा जो अर्थ लावायचा, तो लावला!

त्यात हिरा. तिला बिरसीच्या विमानतळाजवळ दिली आहे. घरावरून शिकाऊ विमानं जातात, त्यामुळे ती ओरडूनच बोलते. ती मंडईत पाळण्याच्या रांगेत उभी राहून ओरडली, "माही वहिनी उभी राहून राहिली! येतेच निवडून!"

दुसऱ्या दिवशी रविवार. मी पुंजण्यावर. शेजारच्या खळ्यावर गावातलं शेवटचं धान चुरणारी मशीन धडधडत होती. आणि खाली येऊन उभे राहिले नामदेवभाऊ, म्हणजे सरपंचबाईंचे यजमान, म्हणजे खरे सरपंच. मागे दहा-बारा माणसं.

"वहिनी! खाली या! कोन्या पार्टीकडून उभ्या राहून राहिल्या, सांगा!"

मोबाईलमधून मीनलताई, "मंदाताई, आज एक नवीन ताई आल्यात. तुम्ही एवढ्या शांत कशा राहता, सांगा ना त्यांना."

"वहिनी कोनत्याही पार्टीकडून उभी राहीन!" खालून हिरा. "तुमाले काऊन पोटात दुखते?"

"तू चूप राय, हिरा! पाहुणी हायेस तू!"

"मंदाताई, आवाज येतोय ना?"

माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. जिवाच्या आकांतानं मी ओरडले, "मी उभी नाही राहत! माझा कॅन्सर परत आला!"

यातल्या पहिल्या वाक्याला मशीन बंद झाली. दुसरं गावाच्या शिवेपर्यंत गेलं.

भांडायला आलेल्या नामदेवभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. शिडीपाशी सासूबाई बोलल्या.

"कोन्या डॉक्टरनं सांगतलन?"

"कोणी नाही. मलाच कळलं."

"कोठी दुखते?"

"डाव्या खांद्यात. बगलेपर्यंत."

"कधीपासून?"

"पुंजणं रचलं तेव्हापासून."

"आन् मोबाईल कोन्या हातानं धरून राहिलीस?"

मी वर पाहिलं. डावा हात. अजूनही वरच होता.

"खांदाच असेल," मोबाईलमधून मीनलताई हळूच म्हणाल्या, "पण उद्याच दाखवून घ्या."

नामदेवभाऊंनी स्वतःच्या गाडीतून नागपूरला नेलं (वाईट वाटलं म्हणून, की विरोधक गळाला म्हणून, ते मी कधी विचारलं नाही). तपासण्या झाल्या. रिपोर्टला दोन दिवस, म्हणून घरी परतलो. ते दोन दिवस मला इतकी भीती वाटली, की ह्यांनी केलेली लाखोरीची डाळ मी नावं न ठेवता दोनदा मागून घेतली!

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई माझ्याजवळ तांदूळ निवडायला बसल्या. खाली मान घालून म्हणाल्या, "मले बी भेव लागे. तुह्या मीटिंगीत ते बाई चांगलं सांगे. म्हनून शिडी धरून उभी राहत होती. नाई त शिडी काय, दोरीनं बांधली असती त चाललं असतं."

महिनाभर त्या खाली उभ्या राहून मीटिंग करत होत्या! आणि मी वरून "एकदम मस्त" ओरडत होते.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, "स्नायू दुखावलाय. वजन उचललं का?" मी म्हटलं, "नाही. मोबाईल."

आता गावात टॉवर आहे. मी स्वयंपाकघरात बसून, पंख्याखाली, हळू आवाजात मीटिंग करते. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. शिडी गोठ्याला टेकून आहे. कामाची नाही, पण मी ती कोणाला देत नाही. कधी मीटिंग चालू असताना खालून कोणीतरी "कायची मीटिंग हाय वं?" विचारावं असं वाटतं. पण खाली आता फरशी आहे.

साड्या काही परत आल्या नाहीत. मागायच्या तरी कोणत्या तोंडानं? हिरा दर मंडईला माझीच मोरपंखी नेसून येते, आल्या आल्या माझ्या कपाटाकडे बघते आणि गावाला ऐकू जाईल अशी विचारते, "वहिनी, औंदा कोठी दुखत नाई का वं?"

दुखत असलं, तर मी आता सगळ्यांत आधी तिलाच सांगते. फक्त कपाटाला कुलूप लावून सांगते.