पाळकसाहेबांची बेचैन मंडळी

गुरुवारची प्रार्थनेची मीटिंग संपली, की आमची ख्रिस्ती मंडळी देवळाच्या पायरीवर चपला शोधायला लागायची, आणि खरी मीटिंग तिथंच सुरू व्हायची! आत सगळे म्हणायचे, "देव बरं करील." पायरीवर आल्यावर विचारायचे, "कधी?" मी कुर्डुवाडीहून सोलापूरला मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून आलो, त्याला दहा-बारा वर्षं झाली. तेवढ्या काळात त्या पायरीवर इतके किस्से साचलेत, की कुठला आधी सांगू असं होतं.

*

आमचे पाळकसाहेब एका जागी उभे राहतील तर शपथ! एकदा 'देवाची शांती' या विषयावर उपदेश होता. पाऊण तास ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. शेवटी पुढं बसलेल्या त्यांच्या बाईसाहेबच म्हणाल्या, "अहो, जरा बसून सांगा, म्हणजे पटेल तरी!"

*

मंडळीतले निम्मे लोक गिरणीत. एका गुरुवारी प्रार्थना रंगात आली आणि गिरणीचा भोंगा झाला. रात्रपाळीवाले धडाधड उठले. पाळकसाहेब संतापले.

"भोंगा एकदा ओरडला की पळता! प्रभू रोज हाका मारतो, त्याला मात्र 'आलोच' म्हणता!"

गिरणीतल्या सूतखात्यातला नथोबा दारातनं म्हणाला, "साहेब, प्रभू गैरहजेरी मांडत न्हाय की!"

सगळे हसले. पाळकसाहेब हसले नाहीत. हळूच म्हणाले, "मांडत असेल, नथोबा. आपल्याला दाखवत नाही एवढंच."

त्या रात्री नथोबा कामावर उशिरा पोचला म्हणतात.

*

पुढं याच नथोबाची दोन बोटं मशिनीत गेली. फडकं बांधलेला हात घेऊन तो मीटिंगला आला. एकेक जण उठून प्रार्थना करू लागला. "देवाची इच्छा," एक म्हणाला. "देव परीक्षा घेतो," दुसरा म्हणाला.

नथोबा डोळे उघडे ठेवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "देवाची इच्छा असंल, पर पट्टा सैल हाय म्हणून मी मुकादमाला चारदा सांगितलं व्हतं. तिथं दुसरा मानूस उबा केलाय आता!"

पाळकसाहेब ताडकन उठले. "प्रार्थना थांबवा. चपला घाला!"

आम्ही चौदा जण गिरणीच्या फाटकावर गेलो. मॅनेजर बाहेर येईपर्यंत पाळकसाहेब तिथंही येरझाऱ्याच घालत होते. पट्टा त्याच रात्री बदलला. फाटकावरच पाळकसाहेबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "आता आमेन म्हणा!"

*

माझंही एक सांगतो. वडील गेले त्या वर्षी माझं कशात मन लागेना. वर्गात शुभवर्तमान शिकवताना आपण खोटं बोलतोय असं वाटायचं. एका शनिवारी सकाळी धीर करून पाळकसाहेबांकडं गेलो. ते घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर चढून पांढरी माती पसरत होते.

मी खालून म्हणालो, "साहेब, माझा विश्वास उडाला."

"बरं," वरून आवाज आला. "ती मातीची पाटी वर दे."

दिवसभर मी मातीच्या पाट्या दिल्या. उन्हं उतरल्यावर ते खाली आले, हात धुतले आणि म्हणाले, "हां, काय म्हणत होतास?"

मी एवढा दमलो होतो, की म्हणालो, "सोमवारी सांगतो."

"सोमवारी नक्की ये," ते म्हणाले. "अजून निम्मं धाबं राहिलंय. आणि माझाही विश्वास असा बऱ्याचदा उडतो. मग मी वर चढतो."

*

सगुणाबाई आमच्या बायबलबाई. घरोघरी जाऊन बायकांना पुस्तक वाचून दाखवायच्या. त्यांची स्वतःची दोन मुलं तापाच्या साथीत गेली होती, पण त्याबद्दल त्या कधी चकार शब्द काढत नसत. एकदा एका घरी त्यांनी ईयोबाची गोष्ट वाचली. घरची बाई ज्वारी निवडता निवडता ऐकत होती. ईयोबाची गुरं गेली, दहाही मुलं गेली, तरी त्यानं देवाला सोडलं नाही.

"लई सोसलं बिचाऱ्यानं," बाई म्हणाली. "मंग?"

"मग देवानं त्याला सगळं परत दिलं. पुन्हा दहा मुलं झाली."

बाईचा हात सुपातच थांबला. "आन पयली धा? त्यांची नावं काय व्हती?"

सगुणाबाईंनी पान उलटलं, पुन्हा मागं आणलं. "लिहिलेली नाहीत."

"आईला ठावं असतील की!"

गुरुवारी पायरीवर सगुणाबाईंनी हे सांगितलं, तेव्हा पाळकसाहेबांनी विचारलं, "मग तुम्ही तिला काय उत्तर दिलंत?"

"पुस्तक मिटलं."

"आणि प्रार्थना? केलीत का?"

"केली की! दोन नावं मी घेतली, तीन तिनं घेतली. मग दोघींनी आमेन म्हटलं."