न धुतलेला सदरा

बुलढाणा जिल्ह्याची सफर म्हटल्यावर तुम्ही लोणारचं सरोवर डोळ्यांपुढं आणलं असेल. ठेवा परत. मी भंगार आणायला गेलो होतो.

आमच्या मलकापुरातल्या गणपती मंडळाला यंदा टाकाऊ वस्तूंचा देखावा हवा होता. सातपुड्याच्या पायथ्याशी शांतामावशी भंगारातून बुजगावणी करते असं कळलं. सात आणायला मला पाठवलं, कारण मी लोकांचे आवाज काढतो आणि हसलेला माणूस नाही म्हणत नाही. एसटीत मी कंडक्टरच्या आवाजात "नांदुरावाले, उतरा!" असं ओरडलो, तर एक आजोबा पिशवी घेऊन दारात आले. नांदुरा अजून लांब होतं. कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं, मी खिडकीकडं.

जळगाव जामोदहून काळीपिवळी (वडाप जीप) धरली. पुढं पाऊलवाट. दुपार कलली होती, आभाळ भरलेलं, आणि मक्यात माणसं उभी होती. दहा-बारा. एकही हलेना.

"राम राम, पाटील!" मी जवळच्याला म्हणालो.

"हूंऽऽ," आवाज आला. पण तोंड हललं नाही. तोंड नव्हतंच. तेलाचा डबा होता.

"काऊन राम राम घालून राह्यला बे त्याले?" मागून शांतामावशी हसली. "पाटील तं घरी झोपला. हा त्याचा सदरा हाये."

ठिबकच्या नळ्यांचे हात, कॅसेटच्या फितीचे केस, गळ्यात रिकाम्या बाटल्यांची माळ. बाटल्यांच्या तोंडावरून वारा गेला की सगळी एकदम हुंकार द्यायची. कपडे मात्र गावातल्या जित्या माणसांचे, अंगावरून काढलेले.

"धुतलेलं मले नोको," मावशी म्हणाली. "रानडुक्कर डोळ्यानं नाई, नाकानं पाह्यते."

झोपडीत तिनं भाकर-ठेचा वाढला. मी त्या डब्याच्या पाटलाचा 'हूंऽऽ' काढला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. आढ्याला प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला एक चौकड्याचा सदरा होता.

"हा कोणाचा?"

"त्याइचा. दोन वर्सं झाले जाऊन. पोळ्याले एकडाव हुंगून घेतो." (आमच्याकडं बायाही 'घेतो' म्हणतात.) "हात नोको लावू. वास उडते."

ती विहिरीवर गेली आणि मला गंमत सुचली. सदरा काढला, घातला, डोक्यावर रिकामा डबा उपडा केला आणि मक्यात हात पसरून उभा राहिलो. डब्याला खिळ्यानं पाडलेली दोन भोकं, त्यातून दिसेल तेवढंच दिसत होतं.

ती आली. थांबली. मला वाटलं, आता किंचाळेल. तिनं कळशी हळूच खाली ठेवली.

"आले का?"

मी घोगरा, म्हातारा आवाज काढला. "हाव."

"जेवले?"

"हाव."

"मंग इतके दिवस कुठी होते?"

वारा पडला होता, तरी बाटल्या हुंकारत होत्या. आजूबाजूचे डबे माझ्याकडं वळल्यासारखे वाटले. मला माझा आवाज सापडेना, कोणाचाच सापडेना. ती जवळ आली, माझ्या खांद्याला नाक लावलं आणि खोल श्वास घेतला. मग आणखी एक. मग डबा काढला.

कबूल केलेली सातही बुजगावणी तिनं स्वतः बांधून दिली, सडकेपर्यंत पोचवायला आली. आजवर घेतलेला प्रत्येक आवाज मी जिथल्या तिथं परत ठेवला होता. सदराही घडी करून दिला होता. पण तिनं तो पिशवीत घातला नाही, हातातच धरला होता.

जीप दिसली तेव्हा ती बोलली.

"साबण लावू देला नाई मी कोणाले. पिशवी उघडली तं तेबी अर्धीच. वास पुरला पाह्यजे म्हणून. आता याच्यात तुया घाम हाये निस्ता. लय आवाज काढतं ना बे लोकाइचे? काढ. आता त्याइचा वास काढून दाखव!"