एकशे ऐंशी ग्रॅम आत

माझ्या बाबांना जगातली कुठलीही गोष्ट सांगा, ते पहिल्यांदा विचारतात, "वजन किती?" चाळीस वर्षं दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली, त्याचा हा परिणाम. माझा नवरा लग्नाआधी पहिल्यांदा घरी आला, तेव्हा बाबा एका गोदामाचा काटा खोलून बसले होते. त्यांनी त्याला पाणी विचारायच्या आधी काट्यावर चढवलं आणि आकडा बघून "ठीक आहे" म्हणाले. ते काट्याबद्दल बोलत होते की जावयाबद्दल, हे त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही.

बाबांचं स्वतःचं वजन बासष्ट किलो. तीस वर्षांत ते हललं नव्हतं, कारण बाबांनी ते हलू दिलं नव्हतं. मोठा काटा तपासायला तीन-तीन मजले पितळी वजनं वाहून न्यायची त्यापेक्षा आपणच चढून उभं राहावं, आकडा बासष्ट आला की काटा बरोबर, असा त्यांचा खाक्या. माप बिघडेल म्हणून ते वाढदिवसाच्या केकच्या दुसऱ्या तुकड्यालाही नाही म्हणायचे.

अशा माणसाच्या नशिबी माझी लेक आली. वीस महिन्यांची, नऊ किलो शंभर ग्रॅमची. बाबांनी तिचं नाव ठेवलं छटाक.

छटाक जेवत नाही. म्हणजे कुरकुर करते, कमी खाते असलं काही नाही, सरळ जेवतच नाही. चमचा दिसला की ओठ असे मिटते, की सांध्यात सुई जायची नाही. चुकून घास आत गेलाच, तर तो गालात ठेवून तासभर हिंडते आणि शेवटी कुणाच्या तरी चपलेत काढून ठेवते. मी कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर परक्या लोकांना चावायला दात करून देते, आणि घरी माझ्याच पोरीच्या आठ दातांपुढे हात टेकते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, महिन्याभरात दोनशे ग्रॅम वाढू दे, नाहीतर तपासण्या कराव्या लागतील. त्याच आठवड्यात माझी रजा संपत होती. मी नवऱ्याला सांगून टाकलं, वजन वाढलं नाही तर नोकरी सोडणार. ती माझ्या हातूनही खात नाही हे मला ठाऊक होतं, पण निदान न खाताना डोळ्यांसमोर तरी राहील. खरं सांगायचं तर मला नोकरी सोडायची नव्हती. साधी दाढ करण्यापासून पुढचे दात करण्यापर्यंत पोचायला मला सहा वर्षं लागली होती.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाबांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काखेत काटा मारून वर आले. "तू कामाला जा. दुपारचं जेवण माझ्याकडे," म्हणाले.

त्यांनी ओटा पुसला, काटा ठेवला, खालचे चार स्क्रू फिरवून पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध आणला. तुपात भिजलेला मऊ भात, उकडलेला बटाटा, गाजर, सगळं ताटलीसकट तोलायचं. जेवण झालं की उरलेलं तोलायचं, लाळेरं तोलायचं, फरशीवर सांडलेलं पत्र्याच्या पट्टीने खरवडून तेही तोलायचं. बाकी राहिलं ते पोटात. आकडा ते स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहायचे.

पहिल्या दिवशी मी घरी आले तर दारामागे लिहिलं होतं: नव्वद ग्रॅम आत. मला रडूच आलं. आठवड्याने एकशे चाळीस, मग एकशे ऐंशी. रात्री छटाक चमच्याला शिवायची नाही, पण दुपारी एवढं हाणलंय म्हटल्यावर मीही मागे लागायचे नाही. बाबा रात्री आमच्याकडे जेवायला बसायचे आणि एक पोळी कमी खाऊन, भूक नाही म्हणून उठायचे. मी म्हणायचे, म्हातारा माणूस पोरीमागे धावून दमतो. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवं भोक पाडलं, तेही मी पाहिलं. पट्टा आकसला, असं त्यांनी सांगितलं आणि मी ऐकून घेतलं. पोरगी खातेय म्हटल्यावर माझी अक्कल गहाण पडली होती.

महिना झाला. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. छटाकला काट्यावर ठेवलं. नऊ किलो एकशे वीस.

"काटा चुकलाय," बाबा म्हणाले.

मागे सात बायका सात पोरं घेऊन उभ्या होत्या. बाबांनी पिशवीतून मखमलीची पेटी काढली, घामाने वजन बदलतं म्हणून पितळी वजनं फडक्यात धरून एकेक काट्यावर ठेवली. काटा ग्रॅमपर्यंत बरोबर निघाला. मला कुठे तोंड लपवू असं झालं. पण बाबा माघार घेतील तर शपथ. कोपऱ्यात मोठ्या माणसांचा काटा होता, त्यावर चपला काढून चढले आणि आकडा बघून त्यांचा चेहरा उजळला.

"चौसष्ट किलो पाचशे! बघा, हा तर अडीच किलो जास्त दाखवतोय. इथले सगळेच काटे बिघडलेत."

डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या पिशवीतलं पाच किलोचं पितळी वजन दोन्ही हातांनी उचललं आणि त्या काट्यावर ठेवलं. पाच किलो. मग त्यांनी बाबांच्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

पोरीला भरवता कसे, असं त्यांनी विचारलं. बाबा खाली बघत सांगायला लागले. आधी मी खाल्ल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. म्हणून तिला दाखवायला एक घास मी खातो. मग चमचा ती घेते आणि मला भरवते. टाळ्या वाजवते, फार खूश होते. आणि ती स्वतः? बाबा आठवू लागले. सबंध महिन्यात ताटलीतून किती गेलं हे त्यांनी ग्रॅमवर मोजलं होतं, कुणाच्या पोटात गेलं एवढं मात्र बघायचं राहिलं होतं.

मागच्या बायका हसत होत्या. मला हसू येईना. आम्ही बाहेर बाकावर बसलो आणि मी म्हटलं, "बाबा, मी उद्यापासून घरी राहते."

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "तुझे दात कशाला सोडतेस?"

एवढ्या वर्षांत त्यांना कुणाचा काटा चुकला म्हणून चिडलेलं पाहिलं होतं, स्वतः चुकलेलं कधी नाही. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं. दोन्हीतलं काहीच न करता मी छटाकच्या हातात सोललेलं केळं दिलं.

तिने ते सरळ तिच्या आबांच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, तोंडाशी नेलं. आबांनी ओठ मिटून घेतले. आता मेलो तरी खाणार नाही, असा त्यांचा चेहरा. तिने केळं उजवीकडून आणलं, त्यांनी मान डावीकडे केली. डावीकडून आणलं, त्यांनी हाताने ढकललं. छटाक थक्क झाली. एवढा चांगला आबा असा का करतोय तिला कळेना. तिने त्यांचा गाल दाबून पाहिला, त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. मग मोठा सुस्कारा टाकून, हे बघ कसं खातात अशा नजरेने तिने स्वतःच केळ्याचा लचका तोडला, चावला, गिळला आणि रिकामं तोंड आ करून त्यांना दाखवलं.

आबा बधले नाहीत. तिने दुसरा लचका तोडला, मग तिसरा. अर्धं केळं गेलं, पाऊण गेलं. आबा भिंतीकडे बघत ओठ घट्ट आवळून बसलेले, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. छटाकला वाटलं, भुकेने रडतोय. शेवटचा चुरगळलेला तुकडा तिने स्वतः न खाता दोन्ही हातांनी त्यांच्या ओठांवर दाबला. एवढा एक त्यांनी घेतला.

"मग उद्या मी कामाला जाऊ ना?" मी विचारलं.

बाबांनी जोरजोरात होकाराची मान हलवली. तोंडात केळं होतं, बोलता येत नव्हतं.