क्लचचं पेडल काढलं तेव्हा

बाबांना लकवा मारला तो डाव्या अंगाला. हात दोन महिन्यांत वळायला लागला. बोलणं तर पहिल्याच आठवड्यात पूर्ववत झालं, आणि तेही आधीइतकंच तिखट! पण डावा पाय काही ऐकेना. काठी घेऊन चालायचे, पण क्लच दाबायचं नाव नको. दारात त्यांची पस्तीस वर्षांची चौकोनी गाडी झाकून उभी. "कुठं जायचं ते आधी तुम्हाला सांगा, मग तुमच्या सवडीची वाट बघा. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं," म्हणून त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. आख्खं पुंडलिकनगर पालथं घालणारा माणूस दिवसभर खिडकीत. मला बघवत नव्हतं.

"दुसरी गाडी घेऊ, ऑटोमॅटिक. तिला क्लचच नसतो," मी म्हटलं.

"उद्या बापही दुसरा आणशील," ते म्हणाले. संपला विषय.

पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. याच गाडीला ऑटोमॅटिक गियरबॉक्स का बसू नये? बजाजनगरला एक उस्ताद आहेत. बाबा कारखान्यात फिटर होते तेव्हापासूनची दोघांची दोस्ती, आणि गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ताई, आटोमॅटिकला मी जिंदगीत हात नाय लावला." पण डोळे चमकले होते, मी बघितले ना! आमच्या गाडीचं इंजिन जपानी घडणीचं. त्याच जातीच्या इंजिनाचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स त्यांनी महिनाभर भंगारवाले पालथे घालून शोधून काढला.

आता मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, मला कुठं गप्प बसवतंय. गियरबॉक्सचं पुस्तक घेऊन सुट्टीचे दिवस गॅरेजात काढले. आपल्या गाडीचं काय करतायत ते बघायला बाबाही हट्टानं माझ्याबरोबर यायचे आणि खुर्ची टाकून बसायचे. साध्या गाडीत क्लच असतो त्या जागी यात एक गोल, जाड डबा बसतो, पोटात तेल. इंजिन ते तेल घुसळतं आणि घुसळलेलं तेल गाडीला पुढं ढकलतं. लोखंडाला लोखंड न लागता! मी त्या डब्याभोवती अर्धा तास घिरट्या घातल्या. "बाई, लगीन हाय का त्याचं? प्रदक्षिणा कशाला?" बाबा खुर्चीतून ओरडले.

गियरबॉक्स वर चढवला तेव्हा इंजिनाला भिडायला दोन बोटं कमी पडला. उस्तादांनी नेहमीसारखे बोल्ट आवळायला घेतले. साधा गियरबॉक्स त्यांनी कायम असाच ओढून बसवलाय. मी खाली वाकून त्या डब्याला हात लावला. तो हलेना.

"उस्ताद, हा हातानं फिरायला पाहिजे ना? पुस्तकात तर तसंच आहे."

"हौ ताई, फिरंल फिरंल. पस्तीस साल गियरबॉक्स चढवतोय मी." आणि पान्हा पुन्हा बोल्टवर.

मला रागच आला, पण बोलणार कशी? वयानं मोठा माणूस. तेवढ्यात बाबांनी काठी फरशीवर आपटली. "खोल ते! पोरगी विचारतीय तर आधी उत्तर दे, मग आवळ."

उस्ताद फुगले. तरी त्यांनी खोललं. डब्याला दोन्ही हातांनी फिरवत आत रेटलं तर 'खट' झालं, अन् तो बोटभर आत गेला. परत रेटलं, परत 'खट'. अजून चार आटे आवळले असते तर आतला तेलाचा पंपच फुटला असता. दुसरा पंप कुठून आणणार होतो आम्ही? उस्तादांनी दोन्ही कान धरले आणि स्वतःच आधी हसले. मग गियरबॉक्स असा बसला की बोल्ट नुसत्या बोटांनी फिरले. शेवटी क्लचचं पेडल काढलं, तेव्हा मात्र बाबा तिकडं बघत नव्हते.

डॉक्टर, आरटीओ, शिक्के, हेलपाटे, सगळं झालं. एका रविवारी सकाळी बाबांनी काठी मागच्या सीटवर टाकली आणि स्टिअरिंगमागं बसले. मी दुसरीकडचं दार उघडलं.

"तू कुठं?"

"बरोबर येते ना!"

"आधी यायचीस का?"

मी दार लावलं. गाडी झटका न देता निघाली आणि कोपऱ्यावर वळली. मी रस्त्यात तशीच उभी. नको ते सगळं डोळ्यांपुढं आलं. कसली हौस होती मला, असंही वाटलं.

सव्वा तासानं आले. टायरला लाल माती, केस विस्कटलेले, आणि चेहरा असा की मी पटकन आत जाऊन डोळे पुसले. बाहेर आले तेव्हा प्रश्न अगदी ओठांवर होता. पण आठ महिने त्या माणसाला संडासला जायचं तरी आम्हाला सांगावं लागत होतं.

मी म्हटलं, "चहा टाकू?"

"टाक," ते म्हणाले.

कुठं गेले होते, मला आजपर्यंत माहीत नाही.