बर्नी राहतोय का?

लताबाईंना बेसबॉल कळायला लागला तो जाईमुळे. नवरा गेल्यावर नागपूरचं बिऱ्हाड आवरून त्या कॅनडात व्हिटबीला मुलाकडे आल्या, तेव्हा नात सात वर्षांची होती. ती इंग्रजीत बोलायची, आजी मराठीत, आणि समोर टीव्हीवर टोरोंटोचा सामना चालू असायचा. टीममध्ये बर्नी नावाचा एक जुना कॅचर होता. सगळा सामना उकिडवा बसून चेंडू झेलायचा आणि उठताना गुडघ्यावर हात टेकायचा.

"माझ्यासारखाच गं हा," लताबाई म्हणायच्या, आणि जाई खिदळायची.

आता जाई तेरा वर्षांची. घरात आली की दार लोटून घेते. हिवाळ्यात तर सामनेही नसतात. पण कोणाला घेतलं, कोणाला सोडलं, याची चर्चा हिवाळ्यातच रंगते. म्हणून लताबाई स्वयंपाक करताना रेडिओ लावून ठेवायच्या आणि जाई शाळेतून आली की खाऊ ठेवावा तशी तिच्यापुढे एक बातमी ठेवायच्या. तेवढ्यापुरती पोर ओट्याशी थांबायची.

"एनी न्यूज, आजी? बर्नी राहतोय का?"

"रेडिओवर फोन करणारे सगळे म्हणतात, राहील. इतक्या वर्षांच्या माणसाला असं कोण काढतं?"

या रेडिओनेच त्यांना इंग्रजी शिकवलं. घरात ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

जानेवारीत बर्नीला सोडलं. टीमला त्याच्याबद्दल फार आदर आहे, रेडिओवरचा माणूस म्हणाला, पण देअर इज जस्ट नो रूम. जाईने अंगातला कोटही न काढता ते ऐकलं.

"ही शुड हॅव क्विट फर्स्ट, आजी. मग कोणी त्याला काढलंच नसतं."

त्याच आठवड्यात मुलाची, परीक्षितची, दूर हॅलिफॅक्सची नोकरी पक्की झाली. हे घर विकायचं, तिकडे लहानसा कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, घ्यायचा. रविवारी दुपारी लताबाई मटार सोलत बसल्या होत्या. मुलगा आणि सून अनुया त्यांच्यासमोरच इंग्रजीत बोलत होते, लहान मुलांदेखत मोठी माणसं बोलतात तसं.

"टू बेडरूम्स, परीक्षित. देअर इज नो रूम फॉर आई."

"आय नो. पण हाऊ डू आय टेल हर?" आणि लगेच वळून मराठीत, "आई, चहा टाकू?"

"टाक," लताबाई म्हणाल्या. हातातली शेंग रिकामी निघाली होती, तरी त्या ती चाचपत राहिल्या.

रात्री जेवताना त्यांनीच विषय काढला. "मी म्हणते, आता नागपूरला जाऊन राहावं. शीला एकटीच असते. बहिणी बहिणी राहू."

"तिकीट कधीचं बघू?" परीक्षितच्या तोंडून निघून गेलं. मग घास तसाच हातात धरून तो म्हणाला, "म्हणजे... तुला हवं असेल तरच, आई."

"मलाच हवंय."

अनुयाने त्यांच्या पानात न विचारताच आणखी एक पोळी वाढली. तिचे डोळे भरून आले होते. जाईने पोळीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला.

दुसऱ्या दिवशी जाई शाळेतून आली. रेडिओवर बर्नीला दुसऱ्या टीमने घेतल्याचं सांगत होते.

"उन्हाळ्यात तो इथे खेळायला येईल ना गं?" लताबाईंनी विचारलं. "परक्या टीमचे कपडे घालून?"

"येस. इन जुलै."

"मग लोक काय करतात? ओळख दाखवतात?"

"ऑफ कोर्स, आजी! सगळे उभे राहतात. खूप वेळ टाळ्या वाजवतात."

"आणि मग?"

जाईने खांदे उडवले. "मग गेम सुरू होतो."

लताबाईंनी मान हलवली. रेडिओ बंद केला आणि तिच्यासाठी दूध गरम करायला ठेवलं.